कोळ्याच्या रेशमाचा प्रस्ताव कसा तपासावा

जनुकं बदलून कोळ्याचं रेशीम तयार करणाऱ्या कंपनीचं सादरीकरण उघडलं की पहिल्या दोन पानांत एक वाक्य हमखास भेटतं: पोलादापेक्षा पाचपट मजबूत. त्या वाक्यापाशी रेंगाळू नका, पुढे चला. माझी नोकरीची बरीच वर्षं फर्मेंटेशनच्या, म्हणजे सूक्ष्मजीव टाकीत वाढवून माल काढणाऱ्या, कारखान्यात गेली, तीही टाकीतून प्रथिन बाहेर काढून शुद्ध करणाऱ्या विभागात. आता गुंतवणूकदारांसाठी आणि कापड कंपन्यांच्या खरेदी विभागांसाठी मी असे प्रस्ताव वाचते आणि तांत्रिक अहवाल देते. हा धागा बाजारात यावा असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तो तपासायचा कसा, हे नीट लिहून ठेवते आहे. चुकीच्या आकड्यावर पैसा लागला की तो बुडतो, आणि पुढची दहा वर्षं खरं काम करणाऱ्यालाही कोणी दारात उभं करत नाही.

सगळ्या तपासणीचा रोख एकाच आकड्याकडे असू द्या: कातलेल्या आणि पाण्यात टिकलेल्या एक किलो धाग्याला किती खर्च येतो? प्रथिनाचा खर्च नव्हे, धाग्याचा. प्रस्तावात बहुतेक वेळा पहिला दिलेला असतो आणि दुसरा वाचणाऱ्याने मनाने गृहीत धरायचा असतो.

कोळी पाळून का जमत नाही, हे थोडक्यात. कोळी एकमेकांना खातात, त्यामुळे रेशीमकिड्यासारखी त्यांची दाटीने जोपासना होत नाही. 1709 मध्ये फ्रान्समध्ये बाँ द सेंतिलेर यांनी कोळ्याच्या रेशमाचे मोजे आणि हातमोजे करून दाखवले. पुढच्याच वर्षी रेओम्यूर यांनी हिशेब मांडून हा धंदा परवडणार नाही असं सांगितलं. तीनशे वर्षांनी, 2009 मध्ये, सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली यांनी मादागास्करमध्ये सोनेरी रेशमाचं एक कापड विणून घेतलं. त्यासाठी दहा लाखांहून जास्त कोळी पकडून त्यांच्या अंगातून हाताने धागा ओढावा लागला. कापड अप्रतिम, पण तो व्यापार नव्हे. म्हणून जनुक दुसऱ्या जिवात घालायचं.

मजबुतीचे आकडे आधी एका मापात आणा

कोळी ज्या धाग्यावर लटकतो तो मुख्य धागा, ड्रॅगलाइन. त्याची ताणशक्ती, म्हणजे तुटण्याआधी पेलता येणारा ताण, साधारण 1.1 गिगापास्कल. उच्च प्रतीच्या पोलादी तारेची 1.5, केव्हलारची (चिलखतात वापरतात तो कृत्रिम धागा) 3.6, रेशीमकिड्याच्या रेशमाची 0.6 आणि औद्योगिक नायलॉनची 0.95. म्हणजे नुसत्या ताणशक्तीत पोलाद पुढेच आहे. "पाचपट" हे वजनाच्या हिशेबाने येतं, कारण पोलादाची घनता 7.8 आणि रेशमाची 1.3. पण त्याच हिशेबाने नायलॉनही पोलादाला मागे टाकतं, आणि नायलॉन काही डॉलर किलोने मिळतं. हे कळल्यावर पहिल्या पानावरचं वाक्य खोटं ठरत नाही, फक्त त्यावर भाव ठरवता येत नाही.

कोळ्याच्या धाग्याचं खरं वैशिष्ट्य म्हणजे चिवटपणा. तुटेपर्यंत तो किती ऊर्जा पोटात घेतो, हे घनमीटरमागे मेगाज्यूलमध्ये मोजतात. पोलाद 6, केव्हलार 50, नायलॉन 80, कोळ्याचा ड्रॅगलाइन 160 च्या आसपास. मादागास्करमधल्या डार्विन्स बार्क स्पायडरच्या धाग्याचा चिवटपणा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत चांगल्या नमुन्याने 520 गाठला होता. केव्हलार ताठ आहे, तो फार ताणला जात नाही. कोळ्याचा धागा ताणला जातो आणि तरी तुटत नाही. ज्या वस्तूला हा गुण लागतो तिथेच जादा भाव मिळेल. साध्या टी-शर्टला तो लागत नाही.

तेव्हा कंपनीकडे ताण आणि लांबण यांचा पूर्ण आलेख मागा, नुसता सर्वोच्च आकडा नको. किती तंतू तपासले, सरासरी किती, फरक किती, हवेतली आर्द्रता किती होती, नमुन्याची लांबी किती होती, हे आलेखाखाली लिहिलेलं असावं. एकेक तंतू चिमट्याने उचलून तपासलेला असेल आणि त्याचा आकडा सुताच्या रिळाला लावलेला असेल, तर तिथेच थांबवून विचारा. सुतात शेकडो तंतू असतात आणि त्यातले कच्चे आधी तुटतात. कापडवाल्यांना गिगापास्कल कळत नाही, त्यांना सेंटीन्यूटन प्रति टेक्स लागतं (टेक्स म्हणजे एक किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन). रूपांतर सोपं आहे: 1.3 घनतेच्या धाग्याचा 1 गिगापास्कल म्हणजे जवळपास 77 सेंटीन्यूटन प्रति टेक्स. कंपनीने हे रूपांतर स्वतःहून केलेलं दिसलं तर समजा, ही माणसं गिरणीत जाऊन आलेली आहेत.

कोणत्या जिवात बनवतात ते बघा

प्रत्येक रस्त्याचा अडथळा वेगळ्या जागी येतो, म्हणून प्रश्नही वेगळे.

शेळीची गोष्ट लोकांना अजून आठवते. कॅनडातल्या नेक्सिया कंपनीने शेळीच्या दुधात कोळ्याचं प्रथिन उतरवलं होतं. सस्तन प्राण्यांच्या पेशींतून काढलेल्या प्रथिनाचा धागा कातल्याचा त्यांच्या गटाचा निबंध 2002 मध्ये 'सायन्स'मध्ये आला. दशक संपेपर्यंत कंपनी बंद पडली होती. शेळ्यांचा वंश रँडी ल्युईस यांच्या संशोधनासाठी आधी वायोमिंगला आणि नंतर युटा स्टेट विद्यापीठात गेला. कोळ्याच्या ड्रॅगलाइन प्रथिनाचा क्रम 1990 मध्ये पहिल्यांदा उलगडणाऱ्यांपैकी हेच ल्युईस. आज कोणी शेळीचा प्रस्ताव आणला तर कळप वाढवायला किती वर्षं लागतील एवढंच विचारा. तंबाखू आणि बटाट्यातही 2001 मध्ये हे प्रथिन करून दाखवलं गेलं. व्यापाराच्या दृष्टीने तो रस्ता पुढे फारसा चालला नाही.

उरले तीन: जिवाणू, यीस्ट आणि रेशीमकिडा.

जिवाणू म्हणजे बहुतेक वेळा ई. कोलाय. कोळ्याचं प्रथिन एकाच घडणीचे तुकडे पुन्हा पुन्हा येणारी लांब माळ असते. अॅलॅनिन आणि ग्लायसिन ही त्यातली अमिनो आम्लं, म्हणजे माळेतले मणी. अॅलॅनिनचे ठोकळे मजबुती देतात, ग्लायसिनचे पट्टे लवचिकपणा. ग्लायसिन एकटंच 40 टक्क्यांच्या जवळ जातं. जिवाणूला एवढं ग्लायसिन एका दमात पुरवता येत नाही, मग माळ अर्ध्यावर तुटते. शिवाय जनुकातच तेच ते तुकडे असल्यामुळे पिढ्यांगणिक काही तुकडे गळून जातात आणि टाकीच्या शेवटी निघणारं प्रथिन सुरुवातीपेक्षा आखूड निघतं. 2010 मध्ये कोरियाच्या कैस्ट संस्थेतल्या सांग युप ली यांच्या गटाने ग्लायसिन वाहून नेणारे रेणू (टी-आरएनए) वाढवून 284.9 किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप), म्हणजे नैसर्गिक आकाराचं प्रथिन काढलं. 2018 मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फुझोंग झांग यांच्या गटाने दोन तुकडे वेगळे बनवून नंतर जोडले आणि 556 किलोडाल्टनपर्यंत गेले. त्या धाग्याची ताणशक्ती 1 गिगापास्कलच्या वर होती. प्रश्न सोडवता येतो, हे सिद्ध झालं आहे. पण कंपनीचं प्रथिन किती लांबीचं आहे आणि टाकीच्या शेवटच्या तासाला किती टक्के पूर्ण लांबीचं असतं, हे विचारलंच पाहिजे. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवरच्या पट्ट्यांचा फोटो मागा. एक जाड पट्टा हवा. खाली पायऱ्यांसारखे फिके पट्टे उतरत गेलेले दिसले तर ते तुटलेल्या माळांचे आहेत.

यीस्टचा फायदा असा की प्रथिन पेशीच्या बाहेर टाकून घेता येतं, पेशी फोडावी लागत नाही. वैद्यकीय वापरासाठी आणखी एक फायदा: ई. कोलायच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं, ते शरीरात गेलं तर ताप आणि सूज आणतं, म्हणून ते काढून टाकायला वेगळी पायरी आणि वेगळा खर्च लागतो. यीस्टमध्ये ती भानगड नाही.

टाकीचा हिशेब स्वतः मांडा

प्रस्तावातल्या तक्त्यावर अवलंबून न राहता कागदावर मांडावा, दहा मिनिटांचं काम आहे. 1,00,000 लिटरची टाकी घ्या. फेसासाठी जागा सोडावी लागते, तेव्हा भरणार 75,000 लिटर. लिटरमागे 2 ग्रॅम प्रथिन मिळालं तर एका खेपेला 150 किलो. शुद्धीकरणात 60 टक्के हाती लागलं असं धरा, उरले 90. कताईत पाचवा हिस्सा वाया गेला, 72 किलो. वर्षात 100 खेपा म्हणजे 7.2 टन. जगात रेशीमकिड्याचं रेशीम वर्षाला सुमारे 90 हजार टन निघतं आणि पॉलिएस्टर तंतू 6 कोटी टनांच्या वर. आता 2 च्या जागी 10 घाला, 36 टन होतात. एवढी मोठी टाकी वर्षभर चालवून जे हाती आलं त्यावर तुमचा बाजार कुठला असू शकतो, हे त्या कागदावरच दिसतं.

लिटरमागे मिळणाऱ्या ग्रॅमला टायटर म्हणतात. तो कुठल्या टाकीत मोजला हे विचारा. दोन लिटरच्या काचेच्या भांड्यात ऑक्सिजन सगळीकडे सारखा पोचतो. मोठ्या टाकीत वर एक स्थिती, तळाशी दुसरी, आणि थंड करणं ही वेगळीच डोकेदुखी. स्वीडनमधल्या अॅना रायझिंग आणि यान योहान्सन यांच्या गटाचं एक छोटं, पाण्यात विलक्षण विरघळणारं प्रथिन आहे. 33 किलोडाल्टनचं, दोन वेगळ्या कोळ्यांच्या प्रथिनांची टोकं जोडून केलेलं. ई. कोलायमधून ते लिटरला 14.5 ग्रॅमपर्यंत मिळाल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेतल्या बायोरिअॅक्टरसाठी हा आकडा फार चांगला आहे आणि या क्षेत्रात मला सर्वांत आशा वाटते ती अशा कामाकडून.

किलोमीटरमध्ये सांगितलेल्या उत्पादनापासून सावध राहा. 15 मायक्रॉन जाडीचा एक किलोमीटर तंतू वजनाला पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही.

शुद्धीकरण: खर्च इथे दडलेला असतो

या विभागात मी काम केलं आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबते. टाकी रिकामी केल्यावर हाती येतो तो दाट, पिवळसर, उग्र वासाचा रस्सा. त्यात जिवाणूंची शेकडो प्रथिनं, डीएनए आणि फुटलेल्या पेशींची आवरणं असतात. पेशी फोडली की डीएनएमुळे सगळं शेंबडासारखं चिकट होतं आणि गाळणी तुंबते. प्रयोगशाळेत यावर सोपा उपाय असतो: प्रथिनाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं शेपूट लावायचं आणि ते शेपूट धरून ठेवणाऱ्या निकेलयुक्त दाण्यांच्या (रेझिनच्या) नळीतून, म्हणजे कॉलममधून, पाठवायचं. शुद्ध माल मिळतो, निबंध होतो. पण ते रेझिन महाग असतं, त्याला पुन्हा पुन्हा धुवावं लागतं, आणि टनावारी माल त्यातून काढायचा म्हटलं तर कपड्याचा धागा कधीच परवडणार नाही. प्रस्तावात शुद्धीकरणाच्या जागी कॉलम दिसला आणि बाजार म्हणून कापड लिहिलेलं असलं, तर या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत.

कापडाच्या भावात बसणारे मार्ग रांगडे असतात. कोळ्याची काही प्रथिनं 70-80 अंशांपर्यंत तापवली तरी विरघळलेली राहतात आणि जिवाणूंची बरीच प्रथिनं त्याच तापमानाला गोठून खाली बसतात. मग सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी घ्या, मीठ घालून प्रथिन खाली बसवा, धुवा, वाळवा. जर्मनीच्या बायरॉइट विद्यापीठातल्या थॉमस शायबेल यांच्या गटाचं 48 किलोडाल्टनचं प्रथिन अशाच पद्धतीने वेगळं होतं. तापवणं, बसवणं, गाळणं, धुणं: प्रवाहाचा तक्ता अशा शब्दांनी भरलेला दिसला की मला बरं वाटतं. पाणी किती लागतं हेही विचारा. किलोभर प्रथिनामागे किती लिटर पाणी आणि किती किलो मीठ सांडपाण्यात जातं, याचं उत्तर तयार नसेल तर कारखान्याचा आराखडा अजून कोणी काढलेला नाही.

युटा स्टेटच्या गटाने 2018 मध्ये ई. कोलायच्या मार्गाचा आर्थिक हिशेब प्रसिद्ध केला होता. तेव्हाच्या कामगिरीवर किलोला 761 डॉलर, सगळ्या सुधारणा गृहीत धरल्यावर 23 डॉलर. दोन आकड्यांमधलं हे अंतर नीट बघा. तुमच्या हातातला प्रस्ताव कुठल्या टोकाजवळ आहे, आणि मधल्या सुधारणांपैकी कोणत्या प्रत्यक्षात झाल्या आहेत, हे एकेक करून विचारायचं.

कताईच्या खोलीत उभं राहा

शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन बघा. नाकाने बरंच कळतं. कोळी आपल्या ग्रंथीत प्रथिनाचं दाट पाणीदार द्रावण साठवतो आणि नळीतून पुढे सरकताना त्याचा पीएच (आम्लतेचं माप) 7.6 वरून 5.7 पर्यंत उतरतो. ओढ बसते, पाणी निघून जातं आणि धागा घट्ट होतो. सगळं साध्या तापमानाला. अनेक प्रयोगशाळा मात्र वाळलेलं प्रथिन हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉलसारख्या जहाल द्रावकात विरघळवतात आणि मिथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉलच्या हौदात कातून काढतात. धागा देखणा निघतो. पण तो द्रावक महाग आहे, डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे, आणि कारखान्यात तो परत मिळवण्यासाठी डिस्टिलेशनची वेगळी व्यवस्था उभारावी लागते. द्रावक कोणता, तो किती टक्के परत मिळतो, आणि उरलेला धाग्यात किती राहतो, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

पाण्यातून कताई करणाऱ्यांचा कल योग्य दिशेला आहे. स्वीडिश गटाने 2017 मध्ये आपलं प्रथिन मिलिलिटरला 500 मिलिग्रॅम इतकं दाट करून, नुसता पीएच उतरवून धागा काढला. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा: द्रावण किती तास टिकतं? इतकं दाट प्रथिन स्वतःहून जमायला टपलेलं असतं. शुक्रवारी केलेलं द्रावण सोमवारी सुईच्या तोंडाशी जेल होऊन बसलं तर सगळी स्पिनरेट, म्हणजे बारीक भोकांची कताईची तबकडी, उघडून धुवावी लागते. एका सुईने तासभर कातणं आणि काही हजार भोकांच्या तबकडीने आठवडाभर न थांबता कातणं यांत मोठी दरी आहे. किती भोकांनी सलग किती वेळ चालवलं, मध्ये किती वेळा तुटलं, याची नोंदवही मागा. खरी नोंदवही असेल तर तिच्यावर हाताचे डाग असतात आणि तुटल्याच्या नोंदी भरपूर असतात. त्यांनी घाबरू नका. कोऱ्या नोंदवहीची काळजी करा.

पाण्याची परीक्षा

ही परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता, म्हणून सविस्तर सांगते. दहा सेंटीमीटरचा धागा घ्या, दोन्ही टोकं मोकळी. आलेखाच्या कागदावर काचेचं उथळ भांडं ठेवा, धागा त्यात सरळ पसरा आणि कडेने साध्या तापमानाचं पाणी सोडा. कोळ्याचा खरा ड्रॅगलाइन क्षणात आखडतो, काही जातींमध्ये निम्म्यापर्यंत. पाणी शिरलं की ताणून ठेवलेल्या साखळ्या सुटतात आणि वेटोळ्या होतात. याला सुपरकाँट्रॅक्शन म्हणतात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा धागा जिवंत असल्यासारखा सरकला होता. शास्त्रज्ञाला ते सुंदर वाटतं. जाकीट शिवणाऱ्याला ते परवडत नाही.

जपानच्या त्सुरुओकामधल्या स्पायबर कंपनीला याच अडचणीशी झुंजावं लागलं. 2007 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने 2015 मध्ये द नॉर्थ फेससाठी 'मून पार्का' नावाच्या जाकिटाचा नमुना दाखवला. पण बाहेर घालायच्या कपड्याने पावसात आखडून चालत नाही. त्यांनी प्रथिनाची रचनाच बदलली, आखडणं कमी केलं, आणि 2019 मध्ये जाकीट मर्यादित संख्येने, 50 नग, 1,50,000 येनला विकायला आलं. आपल्या मालाला आता ते 'ब्रूड प्रोटीन' म्हणतात आणि थायलंडच्या रायोंगमध्ये त्यांचा मोठा कारखाना आहे. कोळ्याची हुबेहूब नक्कल सोडून कपड्याला जे हवं ते प्रथिन बनवायचं, हा त्यांचा निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो.

धागा वाळवून पुन्हा मोजा, पुन्हा भिजवा, पुन्हा मोजा. पहिल्या भिजवणीत आखडून नंतर स्थिर राहत असेल तर तो विणण्याआधीच आखडवून घेता येतो, पण मग ताणशक्तीचे आकडेही आखडवल्यानंतरचे हवेत. ते बहुधा प्रस्तावात नसतात. मागून घ्या.

रेशीमकिड्याचा प्रस्ताव असेल तर

इथे टाकी नाही, शुद्धीकरण नाही, द्रावक नाही. अळी तुतीचा पाला खाते आणि कातण्याचं काम स्वतः करते. कोष उकलायची यंत्रं, अंडीपुंज तयार करणारी केंद्रं, कोष जोपासणारे शेतकरी, सगळं आधीपासून आहे. कापडासाठी माझा कल या रस्त्याकडे आहे, हे उघडच सांगते.

पहिला प्रश्न: धाग्यात कोळ्याचं प्रथिन वजनाने किती टक्के? 2012 च्या एका गाजलेल्या प्रयोगात ते 2 ते 5 टक्के होतं, बाकी सगळं किड्याचंच. 2018 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी किड्याचं मुख्य रेशीम जनुक काढून त्या जागी कोळ्याचं जनुक बसवलं आणि कोषाच्या कवचात 35.2 टक्क्यांपर्यंत पोचले. 2023 मध्ये दोंगहुआ विद्यापीठातल्या गटाने क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने केलेल्या किड्यांकडून 1299 मेगापास्कल (सुमारे 1.3 गिगापास्कल) ताणशक्ती आणि 319 मेगाज्यूल चिवटपणाचा धागा मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. केव्हलारच्या सहापट चिवट. असा धागा कोषातून सलग उकलता आला, तर खर्चाचं गणित मुळापासून बदलतं.

दुसरा प्रश्न कोषाच्या वजनाचा. जनुक बदललेल्या किड्याचा कोष अनेकदा हलका भरतो. शेतकऱ्याला कोषाच्या वजनावर पैसे मिळतात, तेव्हा हलक्या कोषाची भरपाई कोण करणार हे करारात हवं. तिसरा: किती पिढ्या गुण टिकून आहे, आणि पेब्रीनसारख्या रोगासाठी मादी पतंगांची तपासणी कशी होते. चौथा डिंक काढण्याचा. हा डिंक, म्हणजे रेशमावरचं सेरिसिन, साबण किंवा सोड्याच्या गरम पाण्यात काढतात, आणि त्या उकळीतून कोळ्याचं प्रथिन धडधाकट बाहेर आलं का, याची चाचणी डिंक काढल्यानंतरच्या धाग्यावर झालेली असावी. अमेरिकेच्या क्रेग बायोक्राफ्टने असे किडे व्हिएतनाममध्ये जोपासायला घेतले. तिथे जिवंत, जनुक बदललेला प्राणी शेडमध्ये ठेवायचा असतो, म्हणून परवानगी कोणाची, कोणत्या अटींवर आणि किती मुदतीची, ही कागदपत्रं आधी बघायची. पाळीव रेशीमकिड्याचा पतंग उडू शकत नाही, ही नियामकांपुढची जमेची बाजू.

बाजार कुठला, हे कंपन्यांच्या वाटचालीतून वाचा

कॅलिफोर्नियाच्या बोल्ट थ्रेड्सने 2017 मध्ये यीस्टच्या प्रथिनाचे 50 टाय 314 डॉलरना विकले. पुढे त्यांचा भर सौंदर्यप्रसाधनांत घालायच्या रेशीम प्रथिनावर आला. जर्मनीची एएमसिल्क 2008 पासून आहे. 2016 मध्ये आदिदासने त्यांच्या धाग्याचा बूट दाखवला, पण त्यांच्या सौंदर्यप्रसाधनांच्या विभागाला मात्र घेणारा मिळाला: 2019 मध्ये स्वित्झर्लंडच्या सुगंधद्रव्यं बनवणाऱ्या जिवोदां कंपनीने तो विकत घेतला. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे जीव, आणि दोघींनाही क्रीममध्ये गिऱ्हाईक सापडलं. कारण साधं आहे. क्रीममध्ये प्रथिन ग्रॅमच्या हिशेबाने लागतं, कातावं लागत नाही, आणि माळ थोडी आखूड असली तरी चालते. किलोला काहीशे डॉलर तिथे खपतात.

त्यानंतर वैद्यकीय वापर. टाके, रोपणाच्या वस्तूंवरचा लेप, तुटलेल्या मज्जातंतूला वाट दाखवणारे धागे. शरीर हे प्रथिन चांगलं स्वीकारतं आणि एका रुग्णाला लागणारा माल मिलिग्रॅममध्ये असतो, म्हणून मालाची किंमत हा अडसर राहत नाही. अडसर असतो चाचण्यांच्या वर्षांचा. प्रस्तावात वैद्यकीय बाजार आणि दोन वर्षांत नफा अशी जोडी दिसली, तर कोणत्या वर्गातली परवानगी मागणार आहेत ते विचारा आणि वेळापत्रक पुन्हा मांडायला सांगा.

चिलखत आणि दोर हे नेहमी चित्रात असतात. गोळी अडवायला चिवटपणाबरोबर ताठपणाही लागतो, तिथे केव्हलारची गादी सहज हलणार नाही. पॅराशूटच्या दोऱ्या, धक्का शोषणारे पट्टे अशा ठिकाणी मला जास्त शक्यता दिसते.

पर्यावरणाच्या दाव्यावर एकच सूचना. प्रथिन कुजतं हे खरं, पण टाकीला साखर, वीज आणि वाफ लागते. वर सांगितलेल्या 2018 च्या हिशेबात, त्या वेळच्या पद्धतीने एक किलो प्रथिनामागे 572 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. सुधारित कल्पनेत 55. जीवनचक्राचा अहवाल नसेल तर "हरित" हा शब्द करारातून वगळायला सांगा.

हे सगळं पटलं तर पैसे देण्याआधी नमुना मागवा. एक नको, तीन वेगळ्या खेपांची तीन रिळं, प्रत्येकावर टाकीची तारीख आणि कताईची तारीख. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा तुकडा त्रयस्थ कापड प्रयोगशाळेत पाठवा: 65 टक्के आर्द्रतेला एकदा, ओल्या स्थितीत एकदा, आणि पाच धुलाईनंतर एकदा. प्रयोगशाळेची निवड तुमची, बिलही तुम्हीच भरा, म्हणजे अहवाल थेट तुमच्याकडे येईल. तीन रिळांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले, तर किमतीच्या बोलणीला बसा, आणि बसताना टाकीचा तो हिशेबाचा कागद बरोबर घ्या.